वृत्तपत्रीय चित्रमालिकांचे पुनर्मुद्रण : संहितेचा प्रश्न

मागील घटकात तुम्ही हस्तलिखितांची पाठचिकित्सा अभ्यासली. पाठभेदांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, हे तुम्हांस ठाऊक आहेच. रोज रद्दीत जाणाऱ्या छापील मजकुराबाबत हाच प्रश्न कसा उद्भवतो, हे अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रमालिकांच्या, म्हणजेच कॉमिक स्ट्रिप्सच्या, आधारे पाहू.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील अनेक ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे बांधीव खंड मायक्रोफिल्मवर उतरवून टाकून दिले. मजकूर सुरक्षित झाला, असे मानले गेले. परंतु ती फिल्म कृष्णधवल होती. रविवारच्या पुरवणीतील रंग तिच्यात उरले नाहीत. सॅन फ्रान्सिस्को येथील बिल ब्लॅकबिअर्ड यांनी हे खंड मिळवण्याचा ध्यास घेतला. खासगी व्यक्तीस ग्रंथालये ते देत नसत, म्हणून त्यांनी 'सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट' ही बिगरनफा संस्था स्थापिली. (संस्थेची वास्तू म्हणजे त्यांचे राहते घर!) त्यांनी मार्टिन विल्यम्स यांच्यासह संपादित केलेला वृत्तपत्रीय चित्रमालिकांचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेतर्फे १९७७ साली प्रसिद्ध झाला. पुढे सुमारे ७५ टनांचा हा साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला.

साठा हाती आला, तरी संहिता हाती येतेच असे नाही. रविवारची मालिका प्रत्येक वृत्तपत्र आपल्या जागेनुसार छापी. त्यामुळे काही चौकटी गाळल्या तरी कथा तुटू नये, अशी रचना चित्रकारांना करावी लागे. एका दैनिकात त्या चौकटी आढळतात, दुसऱ्यात नाहीत. एकाच कात्रणावर विसंबणारा संपादक अपुरा पाठ पूर्ण समजून छापण्याचा संभव असतो.

भाषेच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचे उदाहरण जॉर्ज हेरिमन यांच्या 'क्रेझी कॅट' (१९१३–१९४४) या मालिकेचे वाटेल. त्यातील मांजराचे बोलणे उच्चारानुसारी, मोडक्या वर्णलेखनात दिलेले आहे. स्पॅनिश आणि यिडिश शब्दांची सरमिसळही मालिकेत आहे. मुद्रितशोधकाने हे 'शुद्ध' केले, तर पात्रच नाहीसे होईल. मग चित्रकाराच्या हातून झालेली चूक कोणती आणि पात्राची बोली कोणती? एकच रूप शेकडो अंकांत पुन्हा पुन्हा येते का, हे पाहिल्यावाचून त्याचा निर्णय करता येत नाही. निवडक, गाजलेल्या मालिकांचे संकलन वाचकाला पुरते. संपादकाला मात्र सलग अंक लागतात.

तुमच्या संग्रही एखादे जुने कात्रण असल्यास ते तपासा. दिनांक बहुधा कात्रीखाली गेलेला असेल. मागील बाजूच्या अर्धवट बातमीवरून किंवा जाहिरातीवरून तो निश्चित करता येतो का, ते पाहा आणि आपले अनुमान सकारण लिहा.