झोळीखालची रजई

दोन झाडांना बांधलेल्या झोळीत थंडीच्या रात्री झोपणाऱ्या माणसाला वरून थंडी वाजत नाही, खालून वाजते. अंगावर कितीही जाड पांघरूण घेतले तरी पाठ आणि मांड्या गार पडतात. प्रथम ऐकताना हे विचित्र वाटते. पण त्याचे कारण आठवी-नववीच्या उष्णतेच्या धड्यातच आहे.

झोळीत झोपून भटकंती करण्याची पद्धत अमेरिकेत बरीच रुजली आहे. तेथील पूर्व भागात जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० कि.मी. लांबीची ॲपलाशियन नावाची पायवाट आहे. ती पुरी चालायला पाच-सहा महिने लागतात. वाट बहुतेक जंगलातून जाते. तंबूसाठी सपाट, कोरडी जागा मिळेलच असे नाही. झाडे मात्र हवी तेवढी. म्हणून पुष्कळजण तंबूऐवजी नायलॉनची झोळी पाठीवर घेतात. या झोळीला ते ‘हॅमॉक’ म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला.

आता पाठ का गारठते ते पाहू. कोणतेही पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती शरीरातून येते. पांघरूण फक्त तिला बाहेर जाण्यास अडथळा करते. हा अडथळा मुख्यतः धाग्यांचा नसतो, त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेचा असतो. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. अट एवढीच की ती स्थिर राहिली पाहिजे. मोकळी सोडली तर गरम होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि अभिसरणाने उष्णता निघून जाते.

हवेला जागीच धरून ठेवण्यात बदक आणि हंस यांचा हात कोणी धरत नाही. या पक्ष्यांची बाहेरची पिसे बाजूला केली की आत मऊ लव दिसते. तिला ‘डाऊन’ म्हणतात. तिला पिसासारखा ताठ कणा नसतो. एका बिंदूपासून सर्व दिशांना अतिशय बारीक तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंनाही उपतंतू असतात. दाबले की ती चेंडूएवढी होते, सोडले की फुगते. तिची प्रत मोजण्यासाठी ठराविक वजनाची लव उभ्या नळकांड्यात घालून वर हलकी तबकडी ठेवतात आणि तिने व्यापलेले आकारमान पाहतात. एक औंस लव ८०० घन इंच जागा व्यापत असेल तर ती ‘८००’ प्रतीची. आपल्या मापात सांगायचे तर एका ग्रॅमला सुमारे ४६० घ. सेंमी., म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर!

गिर्यारोहणात डाऊनचा कोट वापरणाऱ्या पहिल्या लोकांत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाचे नाव घेतात. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत त्याने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट नेला. लोकरी कपड्यांतल्या सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. पण कोट कामाला आला आणि फिंच ८,३०० मीटरच्या वर पोचला. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

परंतु लव दाबली की तिचा सारा गुण जातो. स्लीपिंग बॅगेत झोपलेल्या माणसाच्या पाठीखालची लव त्याच्याच वजनाने चपटी होते. पाच सेंमी. जाडीचा थर दोन मिमी. झाला तर अडथळा पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. जमिनीवर झोपणारा खाली चटई घालून हे निभावून नेतो. झोळीत मात्र चटई सरकते आणि खालून वारा वाहतो. हा वारा झोळीच्या कापडाला लागून असलेला हवेचा पातळ थरही उडवून नेतो. शरीर दमलेले, कपडे ओलसर आणि अशी रात्र आली तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. शरीराचे आतील तापमान ३५ अंश सें. च्या खाली उतरले की भान हरपू लागते, आणि हे गोठणबिंदूच्या वरच्या हवेतही घडू शकते.

यावरचा उपाय साधा आणि फार हुशारीचा आहे. रजई झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या बाजूस टांगायची. वजन झोळीचे कापड पेलते. रजई नुसती लोंबते, त्यामुळे लव फुगलेली राहते. वर वेगळी रजई, तिला पाठीकडची बाजू नाहीच. जी बाजू दबून निकामी होते ती वाहायची कशाला? रे जार्डिन या अमेरिकन भटक्याने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकातून हाच मुद्दा मांडला आणि लोकांना रजया घरी शिवायला लावले. (ओझ्याचा विचार करता करता ही मंडळी दात घासायच्या ब्रशची दांडीही कापून टाकतात!) विकतच्या रजया महागही असतात. साधे शिलाई मशीन चालवता येणाऱ्याला हे काम जमते.

रजईची शिवण मात्र विचार करायला लावते. लव एका बाजूला गोळा होऊ नये म्हणून रजईचे कप्पे पाडावे लागतात. दोन्ही कापडे एकत्र धरून आरपार टाका मारणे हा सोपा मार्ग. आपल्या गोधडीत तसेच करतात आणि तेथे ते चालते, कारण गोधडीचे थर कापडाचे असतात, टाक्याखालीही ते नाहीसे होत नाहीत. डाऊनच्या रजईत टाक्यापाशी जाडी जवळजवळ शून्य होते.

“पण मधे ती जास्त फुगते ना, सरासरी तेवढीच राहील,” असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्याला हे गणित द्यावे. एक रजई सगळीकडे ५ सेंमी. जाड आहे. दुसरीत तेवढीच लव आहे, पण दहा टक्के भाग शिवणीजवळचा, अर्धा सेंमी. जाडीचा आणि उरलेला नव्वद टक्के साडेपाच सेंमी. जाडीचा. सरासरी जाडी दोहोंची ५ सेंमी.च. उष्णता जाण्याचा वेग जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून पहिलीसाठी १/५, म्हणजे ०.२०, दुसरीसाठी ०.१/०.५ अधिक ०.९/५.५, म्हणजे सुमारे ०.३६. तेवढ्याच लवेत दुसरीतून जवळजवळ पावणेदोन पटींहून जास्त उष्णता जाते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक त्या दहा टक्क्यांतून!

म्हणून शिवणारे दोन कापडांमध्ये जाळीच्या पट्ट्या उभ्या शिवतात. पाच सेंमी. उंचीची पट्टी एका कडेने वरच्या कापडाला, दुसऱ्या कडेने खालच्या कापडाला. अशा भिंतींमुळे प्रत्येक कप्पा पेटीसारखा होतो आणि जाडी शिवणीपाशीही टिकते. मच्छरदाणीसारखी हलकी जाळी यासाठी पुरते.

दुसरी अडचण वाकाची. झोळीखाली रजई अर्धवर्तुळासारखी वळते. आतल्या कापडाची त्रिज्या कमी, बाहेरच्याची ५ सेंमी.ने जास्त. दोन्ही कापडे सारख्या रुंदीची घेतली तर बाहेरचे ताणून बसते आणि लव दाबते. फरक किती ठेवावा? अर्धवर्तुळाची लांबी π गुणिले त्रिज्या, म्हणून फरक π × ५, सुमारे १५.७ सेंमी. माणूस जाडा असो की बारीक, त्रिज्या या उत्तरात येतच नाही.

लव किती लागेल? रजई २ मी. लांब, १.२ मी. रुंद आणि ५ सेंमी. जाड धरली तर आकारमान १२० लिटर. ८०० प्रतीची सुमारे २६० ग्रॅम लव पुरेल. दमटपणाने ती थोडी बसते म्हणून वीसेक टक्के जास्त घेतात, म्हणजे ३१० ग्रॅमच्या आसपास. बारा कप्पे असतील तर प्रत्येकात २६ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. हे काम पंखा बंद करून, शक्यतो न्हाणीघरात करावे. लव स्थिर विद्युतमुळे हाताला, केसांना, भिंतींना चिकटते. शिवण्यापेक्षा भरण्याचीच दगदग जास्त.

कापड घट्ट विणीचे नायलॉन हवे, नाहीतर तंतू बाहेर येतात. सुई बारीक आणि दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्या शिवणीच्या आतल्या सोडलेल्या कडेतच लावाव्या, कारण या कापडात पडलेले भोक बुजत नाही. टांगताना दोरी इलॅस्टिकची घ्यावी: सैल पडली तर झोळी आणि रजई यांच्यामधून वारा शिरतो, फार ताणली तर लव दबते.

डाऊनचा मोठा शत्रू पाणी. भिजली की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा जाते आणि तिची जागा हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहणारे पाणी घेते. सतत पावसाच्या प्रदेशात पॉलिएस्टरचे तंतू वजनाला जड असले तरी बरे. शिवाय लव येते कोठून हाही प्रश्न आहे. बरीचशी मांसासाठी मारलेल्या बदक-हंसांची असते, पण जिवंत पक्ष्यांची लव उपटण्याचे प्रकारही झालेले आहेत; त्यांना आळा घालण्यासाठी २०१४ पासून एक प्रमाणपत्र पद्धत सुरू झाली आहे.

वर्गात डाऊन मिळणार नाही, कापूस चालेल. सारखे तीन डबे घ्यावेत आणि प्रत्येकात तेवढेच गरम पाणी घालावे. एकाभोवती पिंजलेला कापूस सैल ठेवून त्यावर विरळ कापड गुंडाळावे. दुसऱ्याभोवती त्याच वजनाचा कापूस घट्ट आवळून बांधावा. तिसऱ्याला पहिल्यासारखाच सैल, पण तीन-चार ठिकाणी सुतळीने करकचून बांधलेला. दर पाच मिनिटांनी तापमान घेऊन तिन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. झाकणे मात्र घट्ट बसवावीत आणि तापमापीचे भोक मेणाने बुजवावे, नाहीतर पुष्कळशी उष्णता बाष्पीभवनानेच जाईल आणि तिन्ही डब्यांतला फरक ओळखूच येणार नाही.