नाण्यावरचे दोन ठसे

आज सातवाहनांविषयी बोलू. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून राज्य करणारं हे घराणं. पुराणांत त्यांच्या राजांच्या याद्या आहेत, पण यादीवरून राज्य कसं चाललं ते कळत नाही. ते कळतं दगडावरून आणि नाण्यांवरून.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. पण त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला. डोंगराचं चिन्ह आणि नाव गौतमीपुत्र सातकर्णीचं. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोच. चांदी तीच, मालक बदलला. नाणं बाजारात ज्याच्या हाती जाईल, त्याला नव्या राजाची वर्दी आपोआप मिळणार.

लढाई कुणी जिंकली, हे नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात कोरलंय. ते कोरवून घेतलं गौतमी बलश्रीनं, म्हणजे सातकर्णीच्या आईनं. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं. लेखात ती म्हणते, माझ्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केला. पण तेवढ्यावर थांबत नाही. तो प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होता, कर धर्मानंच घेत असे, हेही सांगते. आईनं लिहिलंय, थोडं वाढवून लिहिलं असेल; तरी मुलाचं कौतुक करताना कर आठवावा, हे मला विशेष वाटतं.

त्याहून जुना लेख जुन्नरजवळ नाणेघाटात आहे, राणी नागनिकेचा. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांचा आकड्यांसकट हिशोब आहे. महिना महिना उपास करणारी, असंही तिचं वर्णन आहे. तिथं राजघराण्याचे पुतळे होते. आज नावं आणि पायांच्या खुणा उरल्यात.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावं होती, म्हणून बायकांचं राज्य होतं असं समजू नका. गादी बहुधा बापाकडून मुलाकडेच जाई. पण दान देणं आणि ते स्वतःच्या नावानं कोरवणं राण्यांना जमत होतं.

आता कामाचं. नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी निघाली, तर चिंचेनं घासू नका, सोनाराकडे वितळवायला नेऊ नका. जोगळटेंभीची नाणी वितळली असती, तर तो दुसरा ठसा आपल्याला दिसलाच नसता. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार असं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारनं ते ठेवून घेतलं तर मोबदल्याची तरतूद आहे. लपवलं तर हक्क जातो आणि शिक्षाही होते. तलाठ्याकडे विचारलंत तर अर्ज कुठे द्यायचा ते सांगतील.