परसातील जुनी वहिवाटदार

कोकणातील परसाच्या गडग्यात, जांभ्या दगडांच्या सांदीत राहणारी घोरपड दृष्टीस पडताच काठी शोधण्याची जी आपली रीत आहे, तिच्या मुळाशी भयापेक्षा अज्ञानच अधिक असते. ऊन चढल्यावर पालापाचोळ्यातून सावकाश चालताना ती आपली दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढते, ती दंशासाठी नव्हे. हवेतील गंधकण टिपून टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे पोहोचवावेत आणि जिभेच्या दोन टोकांवरील गंधाच्या तरतमभावावरून भक्ष्याची दिशा ताडावी, एवढाच तिचा हेतू असतो. भुंगेरे, गोगलगायी, उंदीर यांवर तिची गुजराण चालत असल्याने परसातील उपद्रवी जीवांचा परस्पर बंदोबस्त होतो. अंडीही तिला प्रिय असल्यामुळे खुराड्यास मजबूत जाळी लावणे मात्र यजमानाचेच कर्तव्य. कोंडीत सापडली तर ती फूत्कारते, शेपटीचा फटकारा मारते, प्रसंगी चावतेही. वाट मोकळी मिळाल्यास मात्र पळ काढणेच पसंत करते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्यामुळे तिला मारणे, पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा वाचकहो, कुत्र्यास आवरावे, तिची वाट सोडावी, आणि ती विहिरीत वा घरात अडकल्यास वनखात्याला तत्काळ वर्दी द्यावी.