तेल्याची सुई
 सोलापूरजवळ केगावला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

तिथे अभ्यासल्या जाणाऱ्या डाळिंबाच्या रोगांपैकी एक म्हणजे तेल्या. तो आणणारा झँथोमोनास हा जिवाणू पानाच्या रंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो. झाड गाफील नसतं. परका जीव ओळखून ते पेशींच्या भिंतीला आतून कॅलोजचा गिलावा चढवतं. पण जिवाणूजवळ सुईसारखी नळी असते. तिच्यातून तो स्वतःची प्रथिनं थेट पेशीत टोचतो. त्यांना ‘इफेक्टर’ म्हणतात. त्यांतलं ‘झॉप-एन’ फार घातक. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं जनुक निकामी केलेला जिवाणू डाळिंबाच्या पानांत सोडला. त्याची वाढ मंदावली आणि कॅलोज जास्त साचलं. म्हणजे झाडाच्या अंगात बळ होतंच, ते दाबलं गेलं होतं! मला या सगळ्या संशोधनात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

बागेत आपल्याला दिसतात ते पाणी भरल्यासारखे तेलकट डाग, मग तडकलेली फळं. तोवर आतली झटापट संपलेली असते. म्हणून रोगट फांद्या छाटून जाळायच्या, दर झाडानंतर कात्री निर्जंतुक करायची आणि रोपं निरोगी बागेतूनच आणायची.