शेतकऱ्याची उतारवयाची तरतूद

सरकारी नोकर कोणत्या दिवशीं निवृत्त होणार हें त्यास नोकरीस लागतांच कळतें. शेतकऱ्याच्या धंद्यांत अशी तारीख नसते. हातपाय थकले म्हणजे निवृत्ति आपोआप येते, आणि पुष्कळदां तोंवर सारी जमीन मुलांच्या नांवावर चढलेली असते. उन्हाळ्याची वैरण महिने महिने आधीं रचून ठेवणारा आमचा शेतकरी स्वतःच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मात्र मांडीत नाहीं. मुलें पाहतील, एवढ्यावर तो विसंबतो. पुष्कळ घरीं मुलें पाहतातहि. परंतु औषधाच्या चार पैशांकरितांहि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणें हें कर्त्या माणसास जड जातें. यास्तव आधीं तरतूद व मागाहून वाटणी, हा क्रम प्रत्येक खातेदारानें पाळावा.

पैशाची पुंजी

शेतकऱ्याच्या हातीं पैसा दरमहा येत नाहीं. उसाचें बिल किंवा कापसाची पट्टी वर्षांतून एकदां-दोनदां येते. म्हणून देणें भागवितांच, घरबांधणी व लग्नकार्य यांचा विचार करण्यापूर्वीं, ठराविक हिस्सा बाजूस काढावा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें खातें यास सोईचें आहे. त्यांत वर्षास कमींत कमी ५०० व जास्तींत जास्त १,५०,००० रुपये एकदम किंवा हप्त्यांनीं भरतां येतात. मुदत १५ वर्षांची असून सावकाराच्या दाव्यांत ही रक्कम जप्त होत नाहीं.

आरंभ लवकर करण्याचें महत्त्व आंकड्यांवरून दिसेल. शेंकडा ७.२ चक्रवाढ व्याज धरल्यास रक्कम सुमारें १० वर्षांत दुप्पट होते. तिसाव्या वर्षीं ठेवलेले १०,००० रुपये साठाव्या वर्षीं सुमारें ८०,००० होतात. पन्नासाव्या वर्षीं ठेवलेले अवघे २०,००० होतात.

दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्या, १८ ते ४० वर्षें वयाच्या शेतकऱ्यांकरितां २०१९ सालीं प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली. प्रवेशाच्या वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तितकेच केंद्र सरकार घालतें, आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्यांस ती लागू नाहीं. परंतु महागाई दरसाल शेंकडा ६ वाढली तर किंमती १२ वर्षांत दुप्पट होतात. आज छत्तिशींत असलेल्यास साठीच्या वेळीं या ३,००० रुपयांत आजच्या ७५० रुपयांइतकाच माल मिळेल. तेव्हां हें वेतन घ्यावें, पण त्यावरच सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये.

ठेव कोठें आहे हेंहि पाहावें. बँक बुडाल्यास ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. जादा व्याजाच्या लोभानें म्हातारपणची पुंजी एकाच पतसंस्थेंत ठेवणें धोक्याचें होय.

जमिनीचा हिस्सा

वाटणी करावयाचीच झाली तर पतिपत्नींचा हिस्सा वेगळा काढून तो सात-बारावर त्यांच्याच नांवें ठेवावा; आणि त्या हिश्शास विहिरीच्या पाण्याची पाळी व जाण्यायेण्याची वाट वाटणीपत्रांत लिहून घ्यावी. पाण्यावांचूनच्या दोन एकरांस खंडानें कोणी घेत नाहीं. पाण्याखालचे दोन एकर बटाईनें दिले तरी वर्षाचे दाणे घरीं येतात.

बक्षीसपत्र करतांना विशेष सावध असावें. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालीं झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्यानें सांभाळ न केल्यास ती देणगी न्यायाधिकरणाकडून रद्द करवितां येते. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालच्या एका निकालांत अशी अट असणें आवश्यक ठरविलें. ‘मुलाच्या प्रेमाखातर’ असे शब्द पुरेसे समजूं नयेत. अन्न, वस्त्र, राहणें व औषधपाणी यांची अट स्पष्ट शब्दांत दस्तांत घालावी. अट घातल्यानें प्रेम कमी होत नाहीं. उलट चांगल्या मुलास तिचें ओझें वाटत नाहीं.

धनिणीचा विचार

नवऱ्याच्या मागें बायको पुष्कळदां वर्षानुवर्षें जगते, आणि उतारवयाचा खरा कठीण काळ तिच्या वांट्यास येतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून बायकोच्या नांवें जमीन करण्याचा आग्रह धरला, तो याच दृष्टीनें मोलाचा होता. बायकोचें नांव उताऱ्यावर लावावें, बँकेचें खातें दोघांच्या नांवें असावें, आणि कागदपत्रें कोठें आहेत हें तिला ठाऊक असावें.

हाताला काम

पैसा व जमीन राखली तरी रिकामा दिवस माणसास लवकर म्हातारा करतो. नांगर हातांतून सुटला म्हणजे निवडक कणसांचें बीं राखणें, कलमांची रोपवाटिका, परसांतील भाजीपाला, कोंबड्या व शेरडें हीं कामें वृद्धाच्या शक्तीस झेपतात, आणि त्यांतून हातखर्चहि सुटतो. कोणत्या वाफ्यांत पाणी मुरतें व कोणत्या वर्षीं कीड कशी आली, हें ज्ञान घरांत त्याच्याचपाशीं असतें.

यंदाची पट्टी हातीं येतांच ठेवीचें खातें उघडावें, सात-बाराचा उतारा काढून त्यावर कोणाचीं नांवें आहेत तें पाहावें, आणि घरांतील सर्वांस बसवून आपला बेत सांगावा. थेंबें थेंबें तळें सांचतें खरें, पण बांध आधीं घातलेला असेल तर.