निळ्या पाण्याची नदी

२०१५ सालच्या डिसेंबरात आम्ही शिलाँगहून सिलचरला निघालो होतो. मेघालयातल्या जैंतिया टेकड्या उतरताना सोनापूरजवळ लुखा नदी दिसली, आणि आमच्या सौ. उद्गारल्या, "अगबाई, काय हा रंग! जशी निळी पैठणीच!"

मोटार थांबवली. मी मासे पाहायला वाकलो, तर एकही दिसेना.

"मासे कुठले, साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. "लहानपणी आम्ही इथंच गळ टाकून बसायचो."

गोष्ट अशी, की इथल्या कोळशात गंधक फार. खाणीत त्या गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी लागले, की गंधकाम्ल तयार होते. ते खडकातले लोह आणि ॲल्युमिनियम विरघळवून ओढ्यांवाटे नदीत उतरते. पाण्यातले किडे मरतात, माशांचे अन्न तुटते. ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसून मासे गुदमरतात.

आदल्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने उंदराच्या बिळांसारख्या या अरुंद खाणींवर बंदी घातली होती. पण माणसे निघून गेली, तरी उघडी बिळे पावसागणिक आम्ल ओकतच राहतात.

सौ.नी हौसेने भरलेली बाटली मुकाट्याने रिकामी केली. नितळ ते निर्मळ, असे आम्ही मुलांना आजवर सांगत आलो होतो!