हात सोडा

पहाटे ५.००
जूनमध्ये दिल्लीची पहाटही तापलेलीच असते. रात्रभर भिंती ऊन ओकत असतात. मयूर विहारहून मी निघतो, कारण नोएडातलं पहिलं काम सहाला सुरू करून सातच्या आत उरकायचं असतं. घरोघरी जाणाऱ्या फिजिओचं वेळापत्रक उन्हाळ्यात इथे सूर्यच लावतो, त्यात रुग्ण एमएसचा, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा असेल तर काही विचारूच नका. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे सरकतो. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तोही अडकतो.

सकाळी ६.००, नोएडा
तिशीतली मुलगी, बँकेत नोकरी. बेडरूमच्या कोपऱ्यात तिला उभं केलंय. पाठीमागे दोन भिंती, पुढ्यात पाठ असलेली खुर्ची. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभं राहायचं. घोटे थरथरतात, खांदे झुलतात, आणि सासूबाई धावत येऊन तिचा दंड पकडतात. ‘अरे भैया, गिर जाएगी ये!’

या कामातला निम्मा वेळ असे मायेचे हात सोडवण्यात जातो. दंड धरला की मेंदूला तोल सावरायची गरजच उरत नाही. जे शिकायचं तेच राहून जातं. मी तिच्या कमरेचा पट्टा मागून मुठीत धरलेला असतो, पण सैल. ती खरोखर पडायला लागली तरच तो ताणला जायचा. तोवर झुलू द्यायचं. पडू द्यायचं नाही आणि धरायचंही नाही, या दोहोंमधली जागा फार अरुंद असते.

मग डोळे मिटून. माणूस तोल राखतो तो डोळे, आतला कान आणि तळपायाकडून येणाऱ्या खबरी यांच्या जोरावर. एमएसमध्ये तळपायाची खबर बऱ्याचदा पुसट येते, म्हणून सगळा भार डोळ्यांवर पडतो. ही मुलगी पहिल्यांदा पडली ती बेसिनपाशी, तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर. घरच्यांना वाटलं, फरशी ओली असेल. आता ती कोपऱ्यात डोळे मिटून उभी राहते, मनात आकडे मोजते. पुढे पायाखाली दुमडलेली गादी येईल.

सकाळी ७.१५
दुसरं घर त्याच सोसायटीत. इथले गृहस्थ सायकलवर बसायच्या आधी गार पाणी पितात, मानेला ओला पंचा गुंडाळतात. पंखा थेट अंगावर. तरी दहा मिनिटांत पाय जड होतो, चवडा जमिनीला घासतो आणि ते घाबरून विचारतात, ‘अटॅक आला का?’

ही भीती जुनी आहे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० च्या सुमारास नोंदवलं, की काही रुग्णांची नजर श्रमानंतर अंधुक होते. दोष श्रमाचा नसून त्याने वाढणाऱ्या उष्णतेचा आहे, हे पुढे कळलं. अंग निवलं की नजरही परतते. तरी कित्येक दशकं एमएसच्या रुग्णांना ‘दमू नका, पडून राहा’ असंच सांगितलं गेलं. माझ्या मते आजाराइतकंच या सल्ल्यानेही पाय गेले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या पेटाजन यांच्या गटाने ५४ रुग्णांवरचा अभ्यास छापला. व्यायामाच्या गटाने आठवड्यातून तीनदा, १५ आठवडे हातापायांनी सायकल चालवली. त्यांचा दम वाढला, ताकदही वाढली. तेव्हापासून वारं फिरलं.

गृहस्थांना मी साधा हिशेब सांगतो. गार बसल्यावर पाय पूर्ववत झाला तर घाबरायचं नाही. ताप किंवा संसर्ग नसताना नवी तक्रार २४ तासांहून जास्त टिकली, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला फोन.

सकाळी १०.३०
आयटीओकडून क्लिनिकला जाताना विष्णू दिगंबर मार्ग लागतो. नाव कुरुंदवाडच्या गायक पलुसकरांचं. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी गेली होती. याच रस्त्यावर दीनदयाल उपाध्याय संस्था आहे, जिथे फिजिओथेरपीचं शिक्षण मिळतं. दिल्लीतल्या किती मराठी माणसांना रस्त्याचं हे नाव कोणाचं ते ठाऊक असेल, देव जाणे.

दुपारी १२.००
क्लिनिकचा पॅसेज एसीत आहे, म्हणून मोजमापं इथे. २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या वर थोडं. फरशीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या, हातात स्टॉपवॉच: सुरक्षितपणे जमेल तेवढं भरभर चालायचं. वेळेत साधारण २० टक्क्यांचा फरक पडला तर तो खरा धरायचा. दहा सेकंदांचे आठ झाले की मी हसतो. साडेनऊ झाले की गप्प राहतो. व्यायामाने मायलिन परत येतं असं मी कोणाला सांगत नाही. बसून बसून जे स्नायू आजाराआधीच हरलेत ते परत मिळवता येतात, आणि तेवढ्यावर जिना चढता येतो.

एका आईला प्रमाणपत्राचं विचारायचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी २.००
एवढ्या उन्हात रुग्णांनी पडून राहायचं, मीही राहतो.

संध्याकाळी ६.३०, करोलबाग
ताई पन्नाशीच्या, जन्म इथलाच, मराठी मात्र खणखणीत. चालताना उजवा पाय ओढतो आणि पावलं कमीजास्त पडतात. नुसतं ‘एक-दोन’ मोजून उपयोग होईना. मग त्यांनीच कपाटावरून शाळेतलं लेझीम काढलं. मी वाजवायचं, त्यांनी ठेक्यावर पाऊल टाकायचं. ठेका धरला की ओढणारा पाय वेळेवर उचलला जातो. ‘अहो, तुमचा हात चुकतोय,’ त्या मला सुनावतात. चुकतच असतो. शेजारच्या सरदारजींनी दार उघडून पाहिलं, आज कुठला सण म्हणून.

त्यांचे यजमान दाराशी चप्पल सरकवून ठेवतात. मी ती परत उचलतो: मागून पट्टा असलेली सँडल हवी, साधी चप्पल जड चवड्यातून निसटते.

रात्री ८.३०
गुरुग्रामच्या एका तरुणाचा फोन. घोट्याला स्प्लिंट लागल्यापासून मेट्रोने ऑफिसला जायचं म्हणतोय, लिफ्ट आहे, पण त्याला सरकता जिनाच हवा. रविवारी सकाळी लवकर, गर्दी नसताना भेटायचं ठरलं. चढताना चांगला पाय आधी, एक हात कठड्यावर. उतरायच्या टोकाला स्प्लिंटचा चवडा दात्यांत अडकू नये म्हणून गुडघा जरा जास्त उचलायचा. हे घरी पायरीवर दहादा कर, असं सांगितलं. बायको सोबत येतेय. तिला म्हटलं, तुम्ही दोन पायऱ्या मागे उभ्या राहा, आणि हात खिशात.